मूलद्रव्यांची घरे आणि घराणी

१९५८ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एक जगावेगळी मोहीम सुरू झाली. मुलांचा दुधाचा दात पडला की टाकून देऊ नका, आमच्याकडे पाठवा, असे आवाहन डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिकांच्या एका गटाने केले. दात पाठवणाऱ्या मुलाला आपण विज्ञानाला दात दिल्याचे सांगणारा बिल्ला मिळायचा. शर्टावर बिल्ला मिरवण्यासाठी पोरे हलणारा दात कधी पडतो याची वाट पाहू लागली, आणि मोहीम संपेपर्यंत तीन लाखांवर दात जमा झाले.

त्या दातांत शोधायचे होते ते स्ट्रॉन्शियम-९०. अणुबाँबच्या चाचण्यांतून हे किरणोत्सारी द्रव्य हवेत उडत होते आणि पावसाबरोबर कुरणांवर उतरत होते. तिथून गवत, गवतातून गाईचे दूध आणि दुधातून मुलांची हाडे व दात, असा त्याचा प्रवास होता. १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या दशकात चाचण्या वाढत गेल्या तसे त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांतले हे द्रव्यही वाढत गेले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी हवेतल्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यामागच्या जनमताला या दातांचाही हातभार लागला.

बाँबच्या स्फोटातून कितीतरी किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडतात. मग दातांत नेमके स्ट्रॉन्शियमच का शोधायचे? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेल्या आवर्तसारणीत मिळते. तिच्या दुसऱ्या उभ्या स्तंभात विसाव्या क्रमांकाचे कॅल्शियम आहे आणि त्याच्या बरोबर खालच्या घरात अडतिसाव्या क्रमांकाचे स्ट्रॉन्शियम. एका स्तंभातली मूलद्रव्ये रासायनिक स्वभावाने एकमेकांच्या जवळची असतात. हाडे बांधणाऱ्या पेशींना या दोघांतला फरक पुरता कळत नाही, त्यामुळे कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियमही बसते.

हा प्रकार इतर स्तंभांतही दिसतो. पहिल्या स्तंभात पोटॅशियमच्या खाली रुबिडियम आणि त्याखाली सीझियम आहे. अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडणारे सीझियम-१३७ पोटॅशियमची वाट धरून स्नायूंत शिरते. फॉस्फरसखालचे आर्सेनिक शरीरातल्या ऊर्जेच्या व्यवहारात फॉस्फरसच्या जागी घुसते आणि तो व्यवहारच मोडून टाकते. जस्ताखालचे घर कॅडमियमचे. निसर्गातही जस्ताच्या खनिजात कॅडमियम मिसळलेले असते. जपानमध्ये जस्ताच्या खाणीतले सांडपाणी जिंझू नदीत जात राहिले, नदीचे पाणी तोयामा प्रांतातल्या भातशेतीत आले आणि त्यातल्या कॅडमियममुळे लोकांची हाडे ठिसूळ होऊन असह्य दुखू लागली. तिथल्या लोकांनी त्या आजाराला नाव दिले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘आई गं, आई गं’.

म्हणजे सारणीतला पत्ता हाती आला की त्या घरात राहणाऱ्याचा स्वभावही बराचसा कळतो. आज या तक्त्यात ११८ मूलद्रव्ये आहेत. आडव्या ओळी सात, त्यांना आवर्त म्हणतात. उभे स्तंभ अठरा, त्यांना गण म्हणतात. खाली दोन ओळींची एक पट्टी वेगळी काढलेली असते. दहावीच्या परीक्षेपुरता हा तक्ता पाठ करणाऱ्यांना तो एकदम तयार होऊन आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो उभा राहत असताना मूलद्रव्यांचे वजन आणि त्यांचा स्वभाव यांच्यात वारंवार भांडण लागले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी स्वभावाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरले.

सुरुवात जर्मनीच्या योहान डोबरायनर यांनी केली. सारख्या स्वभावाची तीन-तीन मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने लावली तर मधल्याचे वजन पहिल्या आणि तिसऱ्याच्या सरासरीइतके येते, हे त्यांनी १८२९ मध्ये मांडले. आजचे आकडे घेतले तर लिथियम ७, पोटॅशियम ३९. दोघांची बेरीज ४६, तिची निम्मी २३, आणि सोडियमचा अणुभार २३च. क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांचेही तसेच. पण सगळी मूलद्रव्ये अशी त्रिकांत बसेनात. शिवाय त्या काळी अणुभारांवरच एकमत नव्हते. एकाच मूलद्रव्याचा अणुभार दोन प्रयोगशाळांत दोन वेगवेगळ्या आकड्यांनी लिहिला जाई.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूह या जर्मन गावी रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे इटलीच्या कानित्सारो यांची, अणुभार नेमके कसे काढावेत हे सांगणारी पुस्तिका वाटली गेली. परिषदेला आलेल्यांत दोन तरुण होते: जर्मनीचे लोथार मायर आणि रशियाचे दिमित्री मेंडेलीव्ह. पुढच्या दहा वर्षांत दोघांनीही स्वतंत्रपणे आवर्तसारणी तयार केली.

त्यांच्या आधी लंडनचे जॉन न्यूलँड्स यांनी मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने मांडून एक गमतीची गोष्ट दाखवली होती. सा, रे, ग, म, प, ध, नी झाले की आठवा स्वर पुन्हा सा येतो, तसे दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचा स्वभाव परत दिसतो. १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा अष्टकांचा नियम मांडला तेव्हा मूलद्रव्यांची नावे वर्णानुक्रमाने लावून पाहिली आहेत का, असा खोचक प्रश्न त्यांना विचारला गेला. टीका जिव्हारी लागणारी असली तरी नियमात दोष होताच. कॅल्शियमच्या पुढे गेल्यावर सूर बिघडत होते. एकेका घरात दोन-दोन मूलद्रव्ये कोंबावी लागत होती, आणि अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी एकही घर मोकळे ठेवलेले नव्हते.

मेंडेलीव्ह यांचे मोठेपण या मोकळ्या घरांत आहे. ते सेंट पीटर्सबर्गला प्राध्यापक होते आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. पुस्तकात ती कोणत्या क्रमाने घ्यावीत, हा त्यांच्यापुढचा अगदी व्यवहारी प्रश्न होता. जुन्या रशियन कालगणनेनुसार १७ फेब्रुवारी १८६९ रोजी ते चीज तयार करणाऱ्या दुग्धशाळांची पाहणी करायला जाणार होते. त्या भेटीसंबंधीच्या पत्राच्या पाठीमागेच त्यांनी वेगवेगळ्या गटांतल्या मूलद्रव्यांचे अणुभार लिहून ताडून पाहिले. हे पत्र आजही जपून ठेवलेले आहे. त्याच दिवशी सारणीचा पहिला आराखडा तयार झाला.

त्यांनीही वजनाचाच क्रम धरला, पण तो स्वभावाच्या आड येऊ दिला नाही. टेल्युरियमचे वजन आयोडीनपेक्षा जास्त भरत होते. वजनाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवे. पण मग ते क्लोरीन-ब्रोमीनच्या स्तंभातून बाहेर पडून सल्फर-सेलेनियमच्या स्तंभात जाते. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याचे वजन मोजण्यात चूक झाली असावी, असे म्हटले. युरेनियमचा तेव्हा मानला जाणारा १२०च्या आसपासचा अणुभार त्यांनी सरळ दुप्पट, म्हणजे २४० करून टाकला. आज तो २३८ मानतात. जिथे योग्य स्वभावाचे मूलद्रव्य मिळेना तिथे त्यांनी घर रिकामे सोडले, आणि १८७१ मध्ये त्यातल्या तीन घरांत येणाऱ्या मूलद्रव्यांचे तपशीलवार वर्णनच छापून टाकले. शेजारच्या माहीत असलेल्या मूलद्रव्याच्या नावाआधी संस्कृतातला ‘एक’ लावून त्यांनी त्यांना एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-बोरॉन आणि एका-सिलिकॉन अशी तात्पुरती नावे दिली.

चार वर्षांनी, १८७५ मध्ये, फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात नव्या रेषा दिसल्या. नव्या धातूचे नाव त्यांनी गॅलियम ठेवले. अणुभार, ऑक्साइड, क्षार असे सगळे एका-अ‍ॅल्युमिनियमशी जुळत होते. फक्त घनता जुळत नव्हती. ब्वाबोद्राँ यांनी मोजली ती ४.७ आणि भाकीत होते ५.९ ते ६. मेंडेलीव्ह यांनी गॅलियम डोळ्यांनीही पाहिले नव्हते, तरी त्यांनी कळवले की नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. ज्याने धातू शोधला त्यालाच न पाहणाऱ्याने असे सांगावे, हे खटकणारेच होते. तरीही ब्वाबोद्राँ यांनी धातू अधिक शुद्ध केला, पुन्हा मोजला आणि आकडा आला ५.९. हा धातू सुमारे ३० अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तरी पाझरू लागतो. तो सहज वितळणारा असेल, हेही मेंडेलीव्ह यांनी आधीच लिहून ठेवले होते.

१८७९ मध्ये स्वीडनच्या नील्सन यांना स्कँडियम सापडले, तेच एका-बोरॉन. १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंकलर यांनी जर्मेनियम शोधले. एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ असेल, घनता ५.५ असेल आणि त्याचे क्लोराइड शंभर अंशांच्या आत उकळणारे द्रव असेल, असे पंधरा वर्षांपूर्वीचे भाकीत होते. जर्मेनियमचा अणुभार निघाला ७२.६, घनता ५.३, आणि क्लोराइड उकळले ८५ अंशांच्या आसपास. १९४७ मधला पहिला ट्रान्झिस्टर याच जर्मेनियमचा होता आणि पुढे त्याची जागा घेतली ती वरच्या घरातल्या सिलिकॉनने.

मेंडेलीव्ह यांची सगळीच भाकिते खरी ठरली नाहीत. हायड्रोजनपेक्षाही हलकी मूलद्रव्ये असतील, अशी त्यांची कल्पना होती. तसे काही सापडले नाही. आणि एक आख्खा स्तंभ त्यांच्या सारणीत नव्हताच.

या स्तंभाची गोष्ट भारतापासून सुरू होते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्या दिवशी निरीक्षकांना ठळक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, ती रेषा टिपली. ती सोडियमची नाही हे दाखवून त्यांनी एका नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्याशी लॉकियर यांचे नाव जोडले जाते आणि हेलियमचा शोध तिथेच लागला असेही सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याआधी तीन वर्षे, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमच्या खनिजातून हेलियम पृथ्वीवरच पकडले होते.

१८९४ मध्ये रॅम्झी आणि लॉर्ड रॅली यांनी आणखी एक छडा लावला होता. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरत होता. या अर्ध्या टक्क्याच्या मागे लागून त्यांना सापडला आरगॉन, कशाशीही संयोग न करणारा वायू. सारणीत त्याला घरच नव्हते. मेंडेलीव्ह यांना तर सुरुवातीला तो नायट्रोजनचाच एखादा प्रकार वाटला. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन सापडले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. हॅलोजन (क्लोरीन-ब्रोमीनचा स्तंभ) आणि अल्क धातू (सोडियम-पोटॅशियमचा स्तंभ) यांच्या मध्ये या निष्क्रिय वायूंचा स्तंभ सहज बसला, बाकी कुणालाही हलवावे लागले नाही. आरगॉनचे वजन मात्र पोटॅशियमपेक्षा जास्त होते. पुन्हा स्वभाव एक सांगत होता आणि वजन दुसरे.

हे भांडण मिटवले हेन्री मोस्ली या पंचविशीतल्या इंग्रज तरुणाने. १९१३-१४ मध्ये त्याने एकामागून एक मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले. त्या किरणांच्या कंप्रतेचे वर्गमूळ काढले की आकडे सारख्या पायऱ्यांनी चढताना दिसत. प्रत्येक पायरीला अणुकेंद्रावरचा एक धनभार वाढत होता. म्हणजे मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुअंकाचा, केंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येचा होता. टेल्युरियम ५२ आणि आयोडीन ५३. टेल्युरियमचे वजन मोजण्यात चूक नव्हतीच. क्रमासाठी वजन हे मापच चुकीचे होते. ४३, ६१ आणि ७५ ही घरे अजून रिकामी आहेत, हेही मोस्ली नेमकेपणाने सांगू शकला. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

क्रम कळला, पण तोच स्वभाव पुन्हा पुन्हा का येतो? त्याचे कारण इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. इलेक्ट्रॉन केंद्राभोवती कवचांत राहतात आणि रासायनिक देवाणघेवाण मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचातले करतात. सोडियमची मांडणी २, ८, १. पोटॅशियमची २, ८, ८, १. दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आणि तो देऊन टाकायला दोघेही उतावीळ. म्हणून दोन्ही धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. आरगॉनचे बाहेरचे कवच आठ इलेक्ट्रॉनांचे आणि स्थिर असते, त्यामुळे त्याला कुणाकडून घ्यायचे नाही आणि कुणाला द्यायचे नाही.

ओळींची लांबी कमी-जास्त का, हेही इथेच उलगडते. कवचांत एस, पी, डी आणि एफ असे पोटभाग असतात. त्यांत अनुक्रमे जास्तीत जास्त २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या ओळीत फक्त एस भरतो, म्हणून दोनच मूलद्रव्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत एस आणि पी, म्हणून आठ-आठ. चौथ्या ओळीपासून डी भरू लागतो आणि ओळ अठरा घरांची होते. न्यूलँड्स यांचे सूर इथेच बिघडले होते. लोखंड, तांबे, जस्त, चांदी आणि सोने या ओळखीच्या धातूंची मधली वस्ती डीची. सहाव्या ओळीपासून एफ येतो आणि ओळ ३२ घरांची होते. दोन, आठ, आठ, अठरा, अठरा, बत्तीस, बत्तीस: बेरीज ११८. खालची वेगळी पट्टी या एफच्या मूलद्रव्यांची. तिची खरी जागा वरच्या दोन ओळींच्या पोटात आहे, पण तशी छापली तर तक्ता कागदावर मावत नाही.

या उलगड्याचा कस ७२व्या घरापाशी लागला. फ्रान्सचे उर्बें यांचा दावा होता की तिथे त्यांनी शोधलेले एक विरळ मृदा मूलद्रव्य, म्हणजे खालच्या पट्टीतल्या पहिल्या ओळीच्या जातीचे, बसते. कोपनहेगनच्या नील्स बोर यांनी मात्र हिशोब मांडला की एफच्या चौदा जागा ७१ला संपतात, त्यामुळे ७२वे मूलद्रव्य झिर्कोनियमचे भावंड असले पाहिजे. त्यांच्या संस्थेतल्या कॉस्टर आणि हेवेशी यांनी मग विरळ मृदांच्या खनिजांत हात न घालता झिर्कोनियमचेच खनिज क्ष-किरणांखाली धरले आणि ७२वे मूलद्रव्य तिथेच निघाले. डिसेंबर १९२२ मध्ये स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान देताना बोर यांनी ही ताजी बातमी सांगितली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले हाफ्नियम.

झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा आहे. त्यामुळे खनिजात ते एकत्र सापडतात आणि वेगळे करणे जिकिरीचे असते. पण अणुभट्टीत दोघांची तऱ्हा अगदी उलटी. झिर्कोनियम न्यूट्रॉनांना जाऊ देते, हाफ्नियम ते गिळून टाकते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात आणि त्या धातूतून हाफ्नियम आधी कसून काढावे लागते. रासायनिक स्वभाव बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा आणि न्यूट्रॉनांशी वागणे केंद्राचे. सारणी पहिल्याबद्दल बोलते, दुसऱ्याबद्दल नाही.

मोस्लीने दाखवलेले ४३वे घर १९३७ मध्ये भरले. पालेर्मोला पेरिये आणि सेग्रे यांनी अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून टेक्नेशियम वेगळे केले. माणसाने कृत्रिमरीत्या घडवलेले हे पहिले मूलद्रव्य. त्याचा सहा तासांत निम्मा होणारा एक प्रकार आज जगभरच्या रुग्णालयांत हाडांच्या आणि हृदयाच्या स्कॅनसाठी शिरेतून देतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे ग्लेन सीबॉर्ग ९५ आणि ९६ या घरांच्या मागे होते, पण जुन्या तक्त्यातल्या स्वभावाने शोधता ती हाती लागेनात. तेव्हा युरेनियम टंगस्टनच्या खाली लिहीत असत. सीबॉर्ग यांनी १९४४ मध्ये मांडले की थोरियम, युरेनियम आणि पुढची मूलद्रव्ये विरळ मृदांसारखीच एका वेगळ्या ओळीत, त्यांच्या खाली यायला हवीत. असे काही छापू नका, नाव खराब होईल, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी छापले. त्या स्वभावाने शोध घेतल्यावर अमेरिसियम आणि क्युरियम दोन्ही सापडली. १०६व्या घराला पुढे सीबॉर्ग हयात असतानाच त्यांचे नाव मिळाले.

तक्त्याच्या कडेला अजून कुरबुरी चालूच आहेत. हायड्रोजन पहिल्या स्तंभात आहे, पण तो धातू नाही, वायू आहे. हेलियमच्या बाहेरच्या कवचात मॅग्नेशियमसारखे दोनच इलेक्ट्रॉन असूनही तो स्वभावामुळे निष्क्रिय वायूंत बसतो. तिसऱ्या स्तंभात यिट्रियमच्या खाली लँथेनम लिहावे की ल्युटेशियम, यावर रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने समिती नेमली, तरी दोन्ही पद्धतींचे तक्ते वर्गांत लटकलेले दिसतात.

२०१६ मध्ये ११३, ११५, ११७ आणि ११८ या घरांना नावे मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण झाली. ११८वे ओगॅनेसॉन निष्क्रिय वायूंच्या स्तंभात सर्वांत खाली आहे, पण ते वायू असेल याची खात्री देता येत नाही. इतक्या जड केंद्राभोवती इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी तुलना करण्याइतका वाढतो आणि सापेक्षतावादाचे परिणाम दिसू लागतात. सोन्याचा पिवळा रंग आणि पाऱ्याचे पातळपण त्यातूनच आले आहे. ओगॅनेसॉन नेहमीच्या तापमानाला घन असेल आणि संयोगालाही तयार होईल, असे गणित सांगते. त्याचे बोटांवर मोजण्याइतकेच अणू आजवर तयार झाले आणि प्रत्येक अणू क्षणार्धात विरून गेला, म्हणून प्रयोगाने पडताळणी अजून झालेली नाही.

११९वे मूलद्रव्य सापडले तर ते फ्रान्सियमच्या खाली बसेल आणि आठवी ओळ उघडेल. जपानच्या रिकेन संस्थेत त्यासाठी क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा चालू आहे. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेचा रोख १२०वर आहे. पूर्वतयारी म्हणून तिथे प्लुटोनियमवर टायटॅनियमचा मारा करून जुनेच ११६वे मूलद्रव्य, लिव्हरमोरियम, नव्या रीतीने बनवून पाहिले गेले. २२ दिवस यंत्र चालले आणि हाती दोन अणू आले, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. पुढच्या टप्प्यात प्लुटोनियमच्या जागी कॅलिफोर्नियम ठेवायचे आहे आणि तिथे एका अणूसाठी याहून बरीच जास्त वाट पाहावी लागेल, असा त्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.